इंग्रजी साहित्याच्या बी.ए.मध्ये नेमकं शिकवतात काय?

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक बोलणं ठरलेलं असतं. पोरगी म्हणते, बी.ए.ला इंग्लिश घेते. घरातलं कुणीतरी विचारतं, "इंग्लिश पहिलीपासून शिकलीस की, आता आणि काय शिकायचं राहिलंय?" शेजारचे काका मध्ये पडतात, "घेऊ दे की, फाडफाड बोलायला तरी लागेल." दोघंही भल्यासाठीच बोलत असतात. पण बी.ए.च्या वर्गात पुढची तीन वर्षं काय चालतं, याची कल्पना त्या दोघांनाही नसते, आणि खरं सांगायचं तर फॉर्म भरणाऱ्या पोरीलाही नसते.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडच्या कॉलेजात इंग्रजी नावाचे दोन वेगळे विषय असतात. एक 'बेसिक इंग्लिश', म्हणजे बी.ए. असो की बी.कॉम., सगळ्यांना भाषा म्हणून असतं ते. त्यात थोडं व्याकरण, पत्रलेखन, चार-दोन धडे आणि कविता. दुसरं 'ऑप्शनल इंग्लिश'. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, कन्नड यांच्याप्रमाणे निवडून घ्यायचा विषय. साहित्याचा खरा अभ्यास इथे होतो. गडहिंग्लज-कोल्हापूरकडच्या कॉलेजात हाच भेद 'कंपल्सरी' आणि 'स्पेशल' या नावांनी ओळखतात. मधल्या काळात नावं आणखी बदलली. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे कर्नाटकात २०२१-२२ पासून चार वर्षांची पदवी आली आणि 'मेजर', 'मायनर' हे शब्द आले. २०२४-२५ पासून राज्य सरकारने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. नाव कोणतंही असो, कॉलेजात विचारायचा प्रश्न एकच: यात साहित्याचे पेपर किती आहेत आणि कोणत्या सेमिस्टरला काय आहे?

आता फाडफाड बोलण्याचं. ही पदवी बोलायला शिकवत नाही. भरलेल्या वर्गात एकेकाला उभं करून संभाषणाचा सराव घ्यायला वेळच नसतो. शिवाय मराठी आणि कन्नड माध्यमातली मुलं समोर असली की शिक्षक इंग्रजी उतारा वाचतात, थोडं कन्नडमध्ये सांगतात, थोडं मराठीत. जो सतत वाचतो आणि लिहितो त्याचं बोलणं सुधारतं, हे खरं. पण ते ओघाने होतं. फक्त बोलणंच हवं असेल तर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा. पैसे कमी लागतील आणि वर्षंही वाचतील.

मग शिकवतात काय? मुख्यतः वाचायला. हे ऐकून कुणीही हसेल, कारण वाचता तर सगळ्यांनाच येतं. म्हणून एक उदाहरण सविस्तर घेतो. ते कळलं की निम्मी पदवी कळली असं मी म्हणेन.

रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीची 'माय लास्ट डचेस' ही १८४२ साली छापलेली छप्पन्न ओळींची कविता. तीन वर्षांत कधी ना कधी ती समोर येतेच. कवितेत एकच माणूस बोलतो. तो इटलीतला एक ड्यूक आहे, मोठा सरदार. तो पाहुण्याला भिंतीवरचं एक चित्र दाखवतोय. चित्रावर पडदा आहे, आणि तो पडदा त्याच्याशिवाय कुणी सरकवायचा नाही. चित्र त्याच्या आधीच्या बायकोचं आहे. तिच्याबद्दल तो सांगतो, की ती फार लवकर खूश व्हायची. मावळतीचा सूर्य पाहून खूश, कुणी चेरीची फांदी तोडून आणली तरी खूश, पांढऱ्या खेचरावर बसून फिरायला मिळालं तरी खूश. मी तिला नऊशे वर्षांचं घराण्याचं नाव दिलं, आणि तिच्या लेखी त्याची किंमत इतरांनी दिलेल्या वस्तूंइतकीच. तिला समजावता आलं असतं, पण समजावायचं म्हणजे आपण खाली वाकायचं, आणि मी वाकत नसतो. तिचं हसणं वाढत गेलं. मग मी हुकूम दिले, आणि सगळं हसणं एकदम थांबलं. एवढं सांगून तो पाहुण्याला म्हणतो, चला, खाली मंडळी वाट पाहताहेत.

गाईडमध्ये या कवितेचं एक उत्तर तयार असतं: ड्यूक गर्विष्ठ, क्रूर आणि मत्सरी आहे. पाठ करा, लिहा, मार्क मिळतात. पण शिक्षक चांगला असेल तर तो तास इथून सुरू करतो. ड्यूक क्रूर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? कवीने तर कुठेच म्हटलेलं नाही. सगळी कविता ड्यूकच बोलतोय, आणि तो स्वतःला अतिशय सभ्य समजतो. म्हणजे बोलणारा जे सांगतोय त्याच्या उलट आपल्याला कळतंय. हे कसं घडलं ते ओळीवर बोट ठेवून दाखवा.

पुढचा प्रश्न, हा पाहुणा कोण? ते शेवटच्या काही ओळींत उघड होतं. तो दुसऱ्या एका सरदाराचा माणूस आहे आणि ड्यूकच्या नव्या लग्नाची बोलणी करायला आलाय. ड्यूक त्याला म्हणतो, तुमच्या मालकांचा उदारपणा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा हुंड्याबद्दलची माझी रास्त मागणी नाकारली जाणार नाही अशी खात्री आहे. अर्थात मला हवी आहे ती त्यांची मुलगीच. या ठिकाणी आमच्याकडच्या वर्गात हमखास हसू फुटतं. याद्यांच्या बैठकीत "आम्हाला काही नको, मुलगी तेवढी द्या" म्हणून मग हळूच सोन्याचा आकडा काढणारे मामा प्रत्येकाने पाहिलेले असतात. हसून झालं की शिक्षक म्हणतो, आता कविता पुन्हा पहिल्यापासून वाचा. ज्याच्याकडून मुलगी आणायची त्याच्याच माणसाला हा आधीच्या बायकोचं काय झालं ते का सांगतोय? एक वाचन असं, की ही धमकी आहे. नव्या नवरीने कसं वागायचं ते आधीच कळवलं जातंय. दुसरं वाचन असं, की याला स्वतःच्या बोलण्याची इतकी भूल पडली आहे की आपण काय कबूल करतोय हेही त्याला ऐकू येत नाही. वर्ग दोन तट करून भांडतो. दोन्ही बाजू मान्य, अट एकच: कवितेतल्या ओळी पुढे करायच्या. "मला असं वाटतं" एवढ्यावर भागत नाही.

मग रचनेकडे वळायचं. कवितेत दोन-दोन ओळींचं यमक आहे, पण वाचताना ते कानाला लागत नाही. वाक्य ओळीच्या शेवटी थांबत नाही, पुढच्या ओळीत घुसतं. वरवर सहज गप्पा आणि आतून करडी शिस्त, अशी ही बांधणी ड्यूकच्या स्वभावाशी कशी जुळते ते पाहायचं. ऐकणारा पाहुणा पूर्ण कवितेत एक शब्द बोलत नाही. त्याने तोंड उघडलं असतं तर कवितेचं काय झालं असतं, यावर एक निबंध होऊ शकतो. चांगला होतो.

यानंतर इतिहास आपल्या पायाने आत येतो. ड्यूकमागे फेरारा या इटालियन राज्याच्या आल्फोन्सो द्वितीयची छाया आहे. त्याची पहिली बायको लुक्रेत्सिया १५६१ साली अगदी कोवळ्या वयात वारली. पण कविता लिहिली गेली व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये, जिथे लग्न झालं की बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याकडे जायची. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे ब्राउनिंग तीनशे वर्षांपूर्वीच्या इटलीविषयी बोलतोय की आपल्याच शेजाऱ्यांविषयी? आणि बैठकीतले मामा आठवून हसणारे आपण, आपला हुंडा आणि त्यांचा हुंडा एकच धरतोय का? तो धरावा का? एका कवितेवर दोन तास असे सहज जातात, आणि परीक्षेला त्यातलं एक पान येतं.

अशा बारीक वाचनाची पद्धत जुनी नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, पण त्यांवर कवीचं नाव किंवा साल ठेवलं नाही, आणि सांगितलं, वाचा आणि काय वाटतं ते लिहा. नाव गेल्याबरोबर हुशार मुलंसुद्धा चाचपडली. थोर कवींच्या कविता त्यांनी टाकाऊ ठरवल्या आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतलं. १९२९ साली रिचर्ड्सनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून नावाकडे न बघता शब्दांकडे बघण्याचा हा सराव जगभरच्या इंग्रजी विभागांत शिरला. मला वाटतं, वर्षाला निदान दोनदा प्रत्येक कॉलेजने हा प्रयोग आपल्या मुलांवर करावा. गाईडवाल्यांचा धंदा त्याने जरा थंडावेल.

दुसरा मोठा भाग साहित्याच्या इतिहासाचा. तो लांबलचक असतो, आणि बहुतेक ठिकाणी कंटाळवाणा करून शिकवला जातो. ब्रिटनमधलं जुनं इंग्रजी काव्य, १०६६ साली नॉर्मंडीच्या सरदाराने इंग्लंड जिंकलं ती घटना, चॉसर या कवीची यात्रेकरूंच्या गोष्टींची मालिका, १४७६ मध्ये कॅक्स्टनने लंडनजवळ टाकलेला छापखाना, शेक्सपिअर, १६४२ मध्ये धर्मनिष्ठ पक्षाने बंद पाडलेली नाटकघरं, आणि १६६० मध्ये राजा परतल्यावर पुन्हा वर गेलेले पडदे, १७९८ मध्ये वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांनी छापलेलं कवितांचं छोटं पुस्तक, मग कादंबरीचं शतक, मग पहिल्या महायुद्धानंतर सगळी घडीच विस्कटून टाकणारे लेखक. मुलं या सालांची जंत्री पाठ करतात आणि सुट्टीत विसरतात. जंत्रीपेक्षा कारणं लक्षात ठेवली तर ती टिकतात. कादंबरी अठराव्या शतकातच का फोफावली? कारण वाचता येणारा, हातात थोडा पैसा आणि संध्याकाळी थोडा वेळ असणारा मध्यमवर्ग तेव्हा तयार झाला, आणि एकट्याने घरात बसून वाचण्यासाठी त्याला काहीतरी हवं होतं. महाकाव्य दरबारात ऐकवायचं असतं. कादंबरी दिव्याजवळ बसून एकट्याने वाचायची असते.

शेक्सपिअरला मात्र वेळ द्यावाच लागतो, आणि इथे बेळगावच्या मुलांपाशी एक जास्तीचा दाखला आहे. लंडनचं ग्लोब थिएटर १५९९ चं. खेळ दिवसाउजेडी व्हायचे, रंगवलेले पडदे जवळजवळ नसायचे, बायकांच्या भूमिका मुलगे करायचे. रात्र झाली हे दाखवायला दिवे मंद करायची सोय नव्हती, त्यामुळे पात्रानेच रात्र शब्दांनी उभी करायची. हे कळलं की त्याच्या नाटकांत एवढी वर्णनं का, याचा उलगडा होतो. आता दुसरीकडे पाहा. संगीत शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्या शाळेत शिकले आणि इथेच काही काळ शिक्षक होते. या देवलांनी १८९० साली ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' रचलं. त्याआधी १८८३ मध्ये आगरकरांचं 'विकारविलसित' हे हॅम्लेटचं रूपांतर छापलं गेलं होतं.

ऑथेल्लो काळा सेनापती आहे, व्हेनिसच्या गोऱ्या समाजात राहतो, तिथल्याच गोऱ्या मुलीशी लग्न करतो, आणि त्याच्याविषयीचा सगळा संशय त्याच्या कातडीच्या रंगापाशी येऊन थांबतो. मराठी दरबारात हे प्रकरण आणायचं तर त्या रंगाचं करायचं काय? बायकोवरचा संशय, पुरावा म्हणून पुढे केलेला रुमाल, कान भरणारा माणूस ही सगळी सामग्री आपल्याकडे सहज बसते, कारण ती कुठल्याही घरात बसते. परका माणूस आपल्या मुलीचा नवरा होतो, ही धग मात्र जशीच्या तशी आणता येत नाही. तिला जातीचा, मुलखाचा किंवा कुळाचा दुसरा पाया शोधावा लागतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मूळ नाटक आणि देवलांचं नाटक शेजारी ठेवून काय टिकलं, काय गळालं, काय नव्याने आलं हे लिहिलं, तर तो प्रबंध कुठल्याही विद्यापीठात वाचण्याजोगा होईल. आपल्याकडे प्रोजेक्टला इंटरनेटवरून शेक्सपिअरचं चरित्र उतरवून देतात. हळहळ वाटते.

इथे एक उपप्रश्न येतो. आपण हे का शिकतोय? इंग्रजी साहित्य हा परीक्षेचा विषय म्हणून भारतात इंग्लंडच्या मोठ्या विद्यापीठांच्या आधी रुजला, हे फार जणांना माहीत नसतं. १८३५ मध्ये मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं निघाली. मुंबईचे पहिले बी.ए. १८६२ चे, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला १८९४ मध्ये. तिथे तोवर लॅटिन-ग्रीकचा दरारा होता. गोऱ्या साहेबाला आपलं साहित्य इथल्या लोकांना शिकवण्यात रस होता, कारण त्यातून त्याच्यासारखं पाहणारी, त्याचं राज्य मानणारी माणसं घडतील अशी त्याची अटकळ होती. ती अर्धीच खरी ठरली. तीच पुस्तकं वाचून माणसं स्वातंत्र्याचं बोलू लागली. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इथली कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. विद्यापीठाचं नाव बदललं, सीमेचा वाद तसाच राहिला, आणि वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची फुलं काही अभ्यासक्रमातून हलली नाहीत. खानापूरच्या पोराने डॅफोडिल कधी पाहिलेलं नसतं. त्याने त्याचं फार बिघडत नाही, असं माझं मत आहे. पण इथल्या मुलांना परक्या मुलखाचंच साहित्य शिकवतात, ही टीका जगभर झाली आहे आणि ती विद्यार्थ्याला माहीत असावी.

त्या टीकेमुळेच 'इंडियन रायटिंग इन इंग्लिश' हा पेपर आज सगळीकडे असतो, आणि आपल्या मुलांना तो सर्वांत जवळचा वाटतो. राजा रावांची 'कांतापुरा' १९३८ ची. कर्नाटकातलं घाटावरचं एक गाव, तिथे गांधींचं आंदोलन पोचतं, आणि सगळी हकिगत गावातली एक म्हातारी सांगते. इंग्रजी आहे, पण वाक्यं संपतच नाहीत. एकात एक गुंतून, आणि... आणि... करत पुढे जातात, जशी आपली आजी ओट्यावर बसून गाऱ्हाणं सांगताना दम घेत नाही. आपल्या चालीचं इंग्रजी लिहायचं, हे राजा रावांनी प्रस्तावनेतच जाहीर केलं होतं. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये वाढलेल्या मुलाला त्या इंग्रजीखालची कन्नड लय लगेच ओळखू येते. लंडनच्या वाचकाला ती शिकावी लागते.

अरुण कोलटकरांची 'जेजुरी' तर आणखी जवळची. कोलटकर कोल्हापूरचे, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहिणारे. हा इंग्रजी कवितासंग्रह १९७६ चा. त्यात एका म्हातारीची कविता आहे. ती देवदर्शनाला आलेल्या माणसाची बाही धरते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेचं ठिकाण दाखवते म्हणते. ते त्याने आधीच पाहिलेलं असतं. तो वैतागून तिला झटकायला वळतो. ती उलट विचारते, असल्या उजाड डोंगरावर म्हातारीने दुसरं करायचं तरी काय? तेव्हा तो तिच्या डोळ्यांकडे नीट पाहतो, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या भेगा डोंगराला, देवळांना, आभाळाला जाताना दिसतात. शेवटी त्याचीच किंमत तिच्या हातातल्या चिल्लरीएवढी उरते. ही कविता 'तो' म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणते. म्हणजे बाही तुमची धरली जाते. हे एक सर्वनाम बदलून वाचून पाहा, कवितेतली हवाच निघून जाते. ज्यांचं कुलदैवत खंडोबा आहे अशी मुलं वर्गात असतात, त्यांतली काही चिडतात. कवी देवाकडे परक्याच्या नजरेने बघतोय म्हणतात. चिडणं योग्य की अयोग्य यावर मी इथे बोलत नाही, पण ते लिहून काढायला सांगितलं तर सर्वांत चांगले निबंध त्याच मुलांकडून येतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर ज्यांची दर वर्षी फेरी होते त्यांना ती म्हातारी कोण हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक नाव. ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात काही काळ बेळगावात इंग्रजी शिकवत होते. पुढे ते अमेरिकेत शिकागोला गेले आणि बसवण्णा, अक्कमहादेवी यांच्या बाराव्या शतकातल्या कन्नड वचनांची त्यांची इंग्रजी भाषांतरं १९७३ साली जगभर पोचली. बहुतेक मुलं त्यांना फक्त 'सिलॅबसमधला कवी' म्हणून ओळखतात.

भाषाशास्त्राचा पेपर रुक्ष म्हणून बदनाम आहे. खरं तर करमणूक तिथेच जास्त होते. इंग्रजीत अक्षरं २६, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी मोजतात ४४. म्हणून स्पेलिंग आणि उच्चार यांचं वैर. शिवाय छापखाना आला तेव्हा स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि त्याच दोन-तीनशे वर्षांत लांब स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणात बदलले. लिहिणं जुनं राहिलं, बोलणं पुढे गेलं. आपण शाळेत जी स्पेलिंगं रडत पाठ केली, ती पुष्कळदा मेलेल्या उच्चारांची छायाचित्रं आहेत. एक गंमत करून बघा. तोंडापुढे कागद धरा आणि इंग्रजी 'पिन' म्हणा, मग 'स्पिन' म्हणा. इंग्रज माणूस म्हणाला तर पहिल्या वेळी कागद हलतो, दुसऱ्या वेळी नाही. त्याला स्वतःला हा फरक जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याला प आणि फ ही दोन वेगळी अक्षरंच आहेत, त्यामुळे आपला कान इथे तयार असतो. उलट त्यांचे व्ही आणि डब्ल्यू आपल्या एका 'व'मध्ये कोंबले जातात. शब्दांवरचा आघात हाही आपल्याला नवा. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. भाषेचा इतिहासही याच पेपरात येतो. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर कोर्टकचेरीचे शब्द फ्रेंचमधून आले: जज, ज्युरी, कोर्ट, प्रिझन. आपल्याकडे आदिलशाहीसारख्या राजवटींत वकील, अर्ज, दावा, कैद हे फारसीच्या वाटेने आले. राज्य ज्याचं, कचेरीचे शब्द त्याचे. सीमाभागात राहणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

शेवटच्या वर्षाला 'क्रिटिसिझम' किंवा 'थिअरी' येते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल काय म्हटलं इथून सुरुवात, आणि एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या 'ओरिएंटॅलिझम' या ग्रंथापर्यंत मजल. भीतीचा पेपर. पण त्याचं काम सोपं आहे: त्याच पुस्तकाला वेगळा प्रश्न विचारणं. आपली ती डचेसच घ्या. स्त्रीवादी वाचक विचारेल, तिला स्वतःचं बोलणं का नाही, ती फक्त चित्रात आणि नवऱ्याच्या तोंडात का आहे? मार्क्सवादी विचारेल, हा माणूस बायको, चित्र, ब्राँझचा पुतळा आणि नऊशे वर्षांचं नाव सगळं मालमत्तेच्या एकाच यादीत का धरतोय? दलित साहित्य वाचलेला विद्यार्थी त्या घराण्याच्या नावापाशी आणखी वेळ थांबेल. हे प्रश्न आधी यावेत आणि पारिभाषिक नावं मागून यावीत. आपल्याकडे उलटं चालतं. व्याख्या पाठ होतात, प्रश्न कुणी विचारत नाही.

नोकरीचं बोलल्याशिवाय पालक सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये. नुसत्या बी.ए.वर थेट नोकरी हातात पडत नाही. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा के-सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. पुष्कळ मुलं लॉकडे जातात, आणि तिथे ही पदवी उपयोगी पडते, कारण कागदावरच्या वाक्यात नेमकं काय लिहिलंय आणि काय मुद्दाम गाळलंय हे शोधायची सवय लागलेली असते. स्पर्धा परीक्षांना कोणतीही पदवी चालते. या भागातल्या मुलांना आणखी एक वाट आहे जिच्याकडे फार कमी जण बघतात: भाषांतर. मराठी घरची, कन्नड शाळेत सक्तीने आलेली, इंग्रजी पदवीची. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, वकिलाचा मसुदा इंग्रजीत होतो आणि ज्याची जमीन आहे तो मराठीत विचारतो, यात लिहिलंय काय? तिन्ही भाषा नीट लिहिता येणारा माणूस इथे तरी रिकामा बसणार नाही. मात्र 'नीट लिहिता' हा भाग महत्त्वाचा. तिन्ही भाषा बोलणारे इथे गल्लोगल्ली आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं. शब्द अडतात, शिक्षकांचा उच्चार कळत नाही, शहरातली कॉन्व्हेंटची मुलं पुढच्या बाकावर बसून उत्तरं देतात. साधारण वर्षभरात हे अंतर कमी होतं, कारण पुढच्या बाकावरच्यांनीही ब्राउनिंग आधी वाचलेला नसतो. शब्दकोश रोज लागतो. आधी मराठीत विचार करून टिपण काढलं तरी हरकत नाही. उत्तर कच्च्या पण स्वतःच्या इंग्रजीत लिहिलेलं बरं.

प्रवेश घेण्याआधी एक करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. निपाणी, चिकोडीकडच्या मुलांनी राणी चन्नम्मा आणि शिवाजी विद्यापीठ दोन्हींचे शेजारी ठेवून पाहावेत. पूर्ण पुस्तकं किती आहेत आणि नुसते उतारे किती, हे मोजा. पूर्ण पुस्तकं जास्त असतील ते कॉलेज शक्यतो निवडा. मग त्यातलं एक काहीतरी सुट्टीतच वाचायला घ्या. पुस्तकाच्या दुकानात गेलात तर दुकानदार आधी गाईड पुढे करेल, ते बाजूला ठेवून मूळ पुस्तक मागा. शेक्सपिअर, ब्राउनिंग, वर्ड्सवर्थ यांच्यावर आता कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही, त्यामुळे ते मोबाइलवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. कोलटकर मात्र विकत घ्यावे लागतील, किंवा कॉलेजच्या लायब्ररीत मागावे लागतील.